सहा पराभवांत न मावणारा ली कीगन

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉल या खेळाची चर्चा निघाली, की तिथल्या मेयो काउंटीचा बचावपटू ली कीगन याच्याविषयी एक ठरावीक मत हमखास ऐकू येते. काउंट्यांच्या संघांमधील अखिल आयर्लंड स्पर्धेचे सहा अंतिम सामने खेळून सहाही हरलेला, दुसऱ्याला खेळू न देण्यापलीकडे फारसे काही न येणारा आणि अखेरीस प्रतिस्पर्ध्याच्या फ्री किकवर हातातली वस्तू भिरकावणारा खेळाडू, असे त्याचे वर्णन केले जाते. एवढा मोठा होता तर त्याने दुसरा संघ का धरला नाही, असेही वर विचारले जाते.

सहा पराभवांचा आकडा खरा आहे: 2012, 2013, 2016, 2017, 2020 आणि 2021. मात्र त्या आकड्याच्या पोटात काय आहे, हे सहसा कोणी उलगडत नाही. त्या काळात या खेळात आडव्या दांड्याखालून गेलेल्या चेंडूला तीन गुण, तर दांड्यावरून गेलेल्याला एक गुण मिळत असे. या हिशेबाने 2013, 2016 आणि 2017 हे तिन्ही अंतिम सामने मेयोने डब्लिनविरुद्ध प्रत्येकी अवघ्या एका गुणाने गमावले, आणि त्यांतला 2016 चा सामना तर आधी बरोबरीत सुटून पुन्हा खेळवावा लागला होता. त्या बरोबरीच्या सामन्यात डब्लिनच्या खात्यावर जमा झालेले दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंकडून झालेले स्वयंगोल होते. पंधरा जणांच्या संघाचे असे नशीब एका बचावपटूच्या नावावर मांडायचे असेल, तर सलग सहा वर्षे विजेता राहिलेल्या डब्लिनला 2021 च्या उपांत्य सामन्यात मेयोने जादा वेळेत हरवले, तेही त्याच वहीत लिहायला हवे.

‘फक्त अडवणारा’ हा आक्षेप तर सामना न पाहताच घेतलेला वाटतो. कीगनची मूळ जागा हाफ-बॅकची, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या रांगेतली, आणि आपल्यावर सोपवलेल्या आक्रमकाला उलट आपल्याच मागे धावायला लावणे ही त्याची खासियत होती. 2016 च्या फेरसामन्यात डब्लिनचा आक्रमक डर्मिड कोनोली याला रोखण्याची जबाबदारी अंगावर असतानाही त्याने पूर्वार्धात गोल केला. 2017 च्या अंतिम सामन्यात पुन्हा केला. 2016 मध्ये तो वर्षातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरला, तोही अंतिम सामना हरलेल्या संघातून. शिवाय दरवर्षी सर्वोत्तम खेळाडूंचा ऑल-स्टार हा मानाचा संघ निवडला जातो, त्यात 2012 ते 2021 या काळात त्याचे नाव पाच वेळा आले.

आडदांडपणाच्या आरोपात मात्र तथ्य आहे. त्याच फेरसामन्यात कोनोलीशी झालेल्या झटापटीत त्याला मध्यंतरापूर्वीच काळे कार्ड मिळाले, आणि त्या वेळच्या नियमानुसार तो उरलेल्या सामन्याला मुकला. दहा मिनिटे बाहेर बसून परतण्याची सवलत 2020 मध्ये आली. 2017 च्या अंतिम सामन्यात बरोबरी असताना अगदी शेवटच्या क्षणी डब्लिनचा डीन रॉक फ्री किक घेत होता, तेव्हा कीगनने धावण्याची नोंद ठेवण्यासाठी अंगावर घातलेले आपले जीपीएस यंत्र त्याच्या दिशेने फेकले. रॉक विचलित झाला नाही आणि त्याच गुणावर डब्लिन जिंकले. या कृतीचे समर्थन करता येत नाही, आणि करण्याची गरजही नाही. पण दशकभराची कारकीर्द त्या दोन सेकंदांत कोंबणे हा वेगळा अन्याय झाला.

राहिला संघ बदलण्याचा प्रश्न. आयपीएलच्या लिलावांची सवय लागलेल्यांना तो स्वाभाविक वाटेल, पण गेलिक फुटबॉल हौशी खेळ आहे. इथे खेळण्याचे मानधन मिळत नाही, खेळाडूंची खरेदी-विक्री होत नाही, आणि माणूस साधारणपणे आपल्या गावच्या क्लबातून आपल्याच काउंटीकडे जातो. कीगनचे गाव वेस्टपोर्ट. त्याच क्लबाबरोबर त्याने 2017 मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर मध्यम श्रेणीचे अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवले, 2022 मध्ये वेस्टपोर्टने मेयो काउंटीतील क्लबांची वरिष्ठ स्पर्धा पहिल्यांदाच जिंकली तेव्हाही तो संघात होता, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याने काउंटीच्या संघातून निवृत्ती जाहीर केली.