192 मतं

लहानपणी एसटीत सीटच्या वर 'आमदारांसाठी राखीव' असं रंगवलेलं दिसलं की मी वडिलांना विचारायचो, आमदार कशाला येतोय एसटीनं? वडील म्हणायचे, "आपले आबासाहेब येतात की." सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या सांगोल्यात त्याचं कुणाला नवल नव्हतं. तालुका सोडून बाहेर पडलो तेव्हा कळलं, आपण काय बघितलं ते.

आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख. ते 1962 ला पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 पर्यंत अकरा वेळा आमदार झाले. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. मंत्रिपद दोनदाच, 1978 ला आणि 1999 ला, तेही थोडक्या काळासाठी. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर.

"आमदार सत्तेत नसला तर निधी कुठून येणार?" हे सांगून हल्ली लोक पक्ष बदलतात आणि आपण मान डोलावतो. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या दुष्काळी माणदेशाला कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून आबासाहेब स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले, आणि तोच प्रश्न सभागृहातही लावून धरला. टेंभू उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी तालुक्यात आलं त्यामागं ही चिकाटी आहे. कापसाचा पट्टा नसलेल्या सांगोल्यात सूतगिरणी उभी राहिली, तीही त्यांच्यामुळंच.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आदर ठेवूनच सांगतो. 2019 ला वयामुळं ते थांबले आणि उमेदवारी नातवाला मिळाली. ती जागा 768 मतांनी गेली. 2024 ला दुसऱ्या नातवानं ती परत आणली, पण एवढी वर्षं सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यांतून एखादा पुढं यायला हवा होता.

सगळे अकरा विजय मोजतात. आमच्या घरात 1995 चा पराभव मोजला जातो. 192 मतांनी पडले. माझे चुलते तेव्हा ऊसतोडीला गेले होते, मतदानाला आले नाहीत. निकाल कळल्यावर वर्षभर कुणी विषय काढला की ते उठून गोठ्यात जायचे. आबासाहेबांनी पक्ष सोडला नाही, तालुका सोडला नाही, लाल बावटा घेऊन गावोगाव फिरत राहिले. 1999 च्या मतदानाला केंद्र उघडायच्या आधीच चुलते शाळेच्या पायरीवर जाऊन बसले होते.