‘पेन्शन खाता आणि फौजेलाच नावं ठेवता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

फौजेवरून माझं मन का उडालं, यावर मी लेख लिहिला. त्यावर तुम्ही लिहिलंत, “काका, पेन्शन खाता आणि फौजेलाच नावं ठेवता? हा अपशिंग्याच्या मातीचा अपमान आहे.” धाकटा भाऊ भरतीची तयारी करतोय, त्याला माझा लेख दाखवणार नाही, असंही लिहिलंत. हे उत्तर मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

पेन्शन हे दान नव्हे. फौजेला तरणी पोरं लागतात, म्हणून शिपाई पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. त्या तोडलेल्या वर्षांची ती भरपाई आहे.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावापुढे मीही मान झुकवतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले. पण ते इंग्रजांच्या लढाईत पडले, हेही पोरांना सांगा. आणि माण-खटावची पोरं पहाटे डांबरीवर धावतात ती नुसत्या परंपरेपायी नाही. रानाला पाणी नाही, भावाभावांत वाटण्या झालेल्या. मी त्याच कारणाने गेलो.

माझं मन शत्रूमुळे किंवा बर्फामुळे उडालं नाही. सीमेवर पलटण म्हणजे घर होतं. आजही त्यातल्या कुणाचा फोन आला तर ताटावरून उठतो. मन उडायला लागलं ते पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत छावणीत. हत्यार चालवायला शिकलेला जवान सहायक म्हणून साहेबांचे बूट पॉलिश करतो, कुत्रं फिरवतो. नौदल आणि हवाई दल या पद्धतीशिवाय चालतात, मग भूदलालाच ती का लागते?

पुढे कान गेला. मी मॉर्टरवर, म्हणजे उखळी तोफेवर होतो, भरतीच्या वेळी दोन्ही कान ठणठणीत असल्याची नोंद आहे. घरी येताना मेडिकल बोर्डाने लिहिलं की बहिरेपणाचा सेवेशी संबंध नाही. वास्तविक २०१३ मध्येच धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असं मानायचं आणि तसं नसेल तर ते सरकारने सिद्ध करायचं. तरीही आमच्यासारख्यांना वकील करून सैन्याच्या न्यायाधिकरणात उभं राहावं लागतं. ज्या संस्थेला आयुष्य दिलं तिच्याविरुद्ध अर्ज लिहिताना काय वाटतं, ते मिठाची भाषा करणाऱ्याने एकदा तरी विचारावं.

तुमचा भाऊ अग्निवीर होईल. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत कापून हातात २१,०००. चार वर्षांची नोकरी संपली की त्या निधीतून साधारण ११.७१ लाख मिळतील, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. अपंगत्व आलं तर भरपाई मिळते, पण ते सेवेमुळे आलं असं बोर्डाने मान्य केलं तरच.

त्याला जाऊ द्या, मी अडवणार नाही. फक्त भरतीच्या मेडिकलची प्रत त्याने घरी ठेवावी. पडला, लागलं, तर त्याच आठवड्यात इंज्युरी रिपोर्ट करून घ्यावा, वरिष्ठ “किरकोळ आहे, सोड” म्हणाले तरी. माझ्याकडे तो कागद नाही.