‘कुबड्या’ या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बेळगावच्या फाउंड्रींच्या (धातू वितळवून ओतीव भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या) निर्यातीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, ‘सरकारी कुबड्यांवर परदेशात जाणाऱ्यांना उद्योजक म्हणू नये, आणि असले लेख कारखान्याचे तोंडही न पाहिलेले लोक लिहितात.’ एक चूक आधीच कबूल करतो. निर्यातदारांना प्रोत्साहन देणारी ‘मेइस’ ही सरकारी योजना अजून चालू असल्यासारखा उल्लेख माझ्याकडून झाला होता. तिच्या जागी १ जानेवारी २०२१ पासून ‘रोडटेप’ ही निर्यातदारांना कर परत करणारी योजना आली आहे. तेवढी दुरुस्ती केली.

पण ‘कुबड्या’ हा शब्द आणि त्यामागची तुच्छता मला मान्य नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वडिलांच्या लहानशा फाउंड्रीत मी एकवीस वर्षे काढली आहेत. पंपाच्या केसिंगवरची जळकी वाळू खरवडताना उजव्या अंगठ्याला पडलेला घट्टा अजून तसाच आहे. तेव्हा कारखान्याचे तोंड कोणी पाहिले, ही चौकशी आपण माझ्याकडे करू नये.

रोडटेपमध्ये सरकार पदरचे काही देत नाही. इंडक्शन भट्टीच्या विजेवरचा कर, न्हावाशेव्यापर्यंत जाणाऱ्या ट्रकच्या डिझेलवरचा कर, असे जीएसटीबाहेरचे कर कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव मालाच्या, भावात मुरलेले असतात. त्यांतला काही भाग परत मिळतो, इतकेच. याउलट अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ऑक्टोबर २०१९ मध्ये मेइसला निर्यात अनुदान ठरवले, म्हणूनच तर ही नवी योजना आणावी लागली. ईपीसीजी या निर्यातदारांसाठीच्या यंत्र-आयातीच्या योजनेखाली यंत्रावरचे आयात शुल्क माफ होते हे खरे; पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते, नाहीतर ते शुल्क व्याजासह भरावे लागते. ज्याला कुबडी म्हणता, तिला ही अट कशी असते?

आमच्या एका परदेशी गिऱ्हाइकाने माल पोहोचल्यावर दिवाळे काढले, तेव्हा निर्यात पतविमा होता म्हणून त्या महिन्याचे पगार झाले. १९५७ पासून सरकारी महामंडळ हा विमा देत आले आहे. त्याचा हप्ता आम्ही आमच्या खिशातून भरला होता.

बड्या उद्योगांना झुकते माप मिळते, हा आपला दुसरा मुद्दा इथे घेत नाही. माझा लेख लहान फाउंड्रीवाल्यांबद्दल होता, आणि आपण तो शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही.