अंजिराच्या डोळ्यात तेल घातलं की चार दिवसांत पिकतं? सोलापूरच्या बागेत या सल्ल्यांचं काय होतं

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा आटोपली की बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "अंजीर हिरवंच राहिलंय? डोळ्यात तेलाचा थेंब घाला, चार दिवसांत पिकेल. शेंडे खुडा, पानं काढून फळाला ऊन द्या. पाणी तोडा, गोडी वाढते. घाई असेल तर इथ्रेलचा एक फवारा घ्या, सगळी बाग एकदम काढणीला येते. उरलेली हिरवी फळं उतरवून आढीत घाला."

यातला एक सल्ला अर्धा खरा आहे, एक वेळेवर केला तर उपयोगी आहे, आणि बाकीच्यांनी हातातलं फळ जातं. निरोपाचं मूळ पाहिलं तर ते थंड मुलखातलं दिसतं. तिथे अंजिराचा हंगाम थंडी संपवते. ऑक्टोबरात गारठा वाढतो, झाड पानं टाकतं आणि फांदीवरची हिरवी फळं तशीच राहतात. म्हणून तिथले लोक फळाला ऊब आणि ऊन मिळावं म्हणून धडपडतात. आपल्याकडे हंगाम आखूड करतो तो उन्हाळा. सोलापुरात फेब्रुवारीतच दुपारचा पारा 33-34 अंशांवर जातो, मार्चअखेर चाळिशीला टेकतो. त्यानंतर फळ पिकतं कमी आणि वाळतं जास्त: साल चिवट, आकार लहान, आत रस नाही. म्हणजे आपल्याला मिठा बहार, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या छाटणीवर धरून उन्हाळ्याच्या तोंडाला पिकणारं पीक, उन्हाच्या आधी उरकायचा आहे. दुखणं वेगळं, तर औषधही वेगळं.

"डोळ्यात तेलाचा थेंब, चार दिवसांत पीक"

अर्धी खरी गोष्ट ती हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू. फळाच्या टोकाला जे बारीक छिद्र असतं त्याला आपण डोळा म्हणतो. तिथे तेल लावून अंजीर लवकर पिकवायची रीत भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत फार जुनी आहे, आणि ती खोटी नाही. तेल लागलं की फळ स्वतःच इथिलीन वायू तयार करू लागतं आणि पिकायची क्रिया सुरू होते. निरोपात नेमकी गाळलेली गोष्ट आहे ती वेळ.

अंजीर तीन टप्प्यांत वाढतं. पहिल्या टप्प्यात ते भराभर मोठं होतं. दुसऱ्यात कित्येक आठवडे तसंच थांबतं, ना वाढ ना रंग. याच काळात माणसाचा धीर सुटतो आणि निरोप पुढे ढकलला जातो. तिसऱ्या टप्प्यात शेवटच्या काही दिवसांत फळ एकदम फुगतं, मऊ होतं, रंग धरतं, आणि साखरेचा बहुतेक साठा याच वेळी भरतो. तेल चालतं ते फक्त दुसरा टप्पा संपत आला असताना. तेव्हा ते तिसरा टप्पा लवकर सुरू करतं, एवढंच त्याचं काम. थेंबात साखर नसते.

वेळ ओळखायची तर एक फळ बळी द्यावं लागतं. फांदीच्या बुडाकडचं एक फळ उभं चिरा. आतला गर पांढरा असेल आणि कापल्याबरोबर चीक भळाभळा आला, तर थांबा. गर दाण्यांच्या बाजूने गुलाबी व्हायला लागला असेल आणि चीक कमी झाला असेल, तर त्या फांदीवरची त्याच उंचीची, त्याच आकाराची फळं तयार आहेत. वरच्या पेरांवरची नाहीत. अंजिराची फळं फांदीवर खालून वर क्रमाने धरतात आणि त्याच क्रमाने पिकतात.

तेल खायचंच घ्या. करडईचं किंवा शेंगदाण्याचं चालतं, वेगळं आणायची गरज नाही. कापसाचा बोळा गुंडाळलेली काडी किंवा बारीक कुंचला तेलात बुडवा, कडेला निपटा आणि फक्त डोळ्याला टेकवा. तेल सालीवर ओघळलं तर तिथे डाग पडतो आणि धूळ चिकटते. सकाळी दहाच्या आत काम उरका. वेळ साधली असेल तर फळ साधारण आठवडाभरात काढणीला येतं, चार दिवसांत नव्हे. वेळ चुकली, म्हणजे थेंब लवकर पडला, तर फळ गळतं किंवा मऊ होऊनही फिक्कं राहतं.

आता हिशेब. एका झाडावर 300 फळं धरली आणि फळामागे 10 सेकंद, तर झाडाला 50 मिनिटं लागतात. 5 बाय 5 मीटरवर लावलेल्या एकरात सुमारे 160 झाडं बसतात. म्हणजे एका फेरीला 133 तास, आठ तासांच्या दिवसाने सोळा-सतरा मजूर. आणि सगळी फळं एकाच दिवशी त्या टप्प्यावर येत नाहीत, म्हणून अशा चार-पाच फेऱ्या. परसातल्या दोन झाडांना हे जमतं, तिथे जरूर करा. बागेला हा उपाय परवडत नाही.

"शेंडे खुडा, पानं काढून फळाला ऊन द्या"

दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात घातल्यात. शेंडा खुडणं वेळेवर केलं तर उपयोगी आहे. नव्या फुटव्यावर पाच-सहा फळं नीट धरली की वरची कोवळी दोन पेरं नखाने खुडायची, म्हणजे झाडाची ताकद नव्या वाढीकडे न जाता धरलेल्या फळांकडे राहते. पण हे काम डिसेंबरपर्यंतचं. फेब्रुवारीत फुटवा आपोआप मंदावलेला असतो, तेव्हा खुडून हाती काही लागत नाही. उलट खालच्या पेरांवर नवे कोंब फुटतात आणि कोवळी पालवी अन्न खाते.

पानं काढणं मात्र सरळ नुकसान आहे. फळ पानाच्या बेचक्यात धरतं आणि त्याच्यात उतरणारी साखर मुख्यतः त्याच्या जवळच्या पानांतून येते. पान गेलं की फळाचं स्वयंपाकघर गेलं. शिवाय थंड देशात फळावर ऊन पाडायला पान बाजूला करतात, ते सोलापुरात फेब्रुवारीच्या उन्हात केलं तर सालीवर तपकिरी चट्टा पडतो, आणि त्या बाजूला फळ कडक राहतं. पिकायच्या दिवसांत पान हीच फळाची छत्री.

एरवीसुद्धा पानं जातात ती तांबेऱ्याने. पानाच्या खालच्या बाजूला गंजासारखी बारीक पुटकुळी दिसते, बोटाला तपकिरी भुकटी लागते, आणि पंधरा-वीस दिवसांत पान पिवळं पडून गळतं. "फळ पिकत नाही" म्हणणाऱ्या बागेत आधी हे पाहा. छाटणी झाल्याबरोबर उघड्या फांद्यांवर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, मग एकत्र करा, आणि त्याच दिवशी संपवा. घासलेला लोखंडी विळा मिश्रणात बुडवून काढला आणि त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी आहे. गळलेली पानं गोळा करून बागेबाहेर न्या, नाहीतर पुढच्या बहाराला रोग तिथूनच येतो.

"पाणी तोडा, गोडी वाढते"

हा डाळिंबाच्या ताणाचा चुकीच्या जागी केलेला उपयोग आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडे बागेला ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, बहार धरायची सवय हातात मुरलेली आहे. तो ताण फूल यावं म्हणून, बहाराच्या सुरुवातीला. अंजिरालाही विश्रांती द्यायची ती छाटणीआधी. फळ तिसऱ्या टप्प्यात असताना पाणी तोडलं तर जे फळ आठवड्यात फुगायचं ते सुरकुततं आणि देठातून सुटतं. मग घाबरून एकदम भरपूर पाणी सोडलं जातं आणि राहिलेली फळं डोळ्यापासून तडकतात. तडकलेल्या फळात तासाभरात माश्या शिरतात, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.

पाणी कमी-जास्त चालेल, अनियमित चालणार नाही. आपल्या काळ्या जमिनीत खोडापासून दीड हातावर वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, तोच वाफसा. गोळा फुटत असेल तर पाणी द्या. जमिनीला भेगा पडायला लागल्या म्हणजे उशीर झालाच. झाडाला ताशी 4 लिटरचे 4 ड्रिपर असतील तर दोन तासांत 32 लिटर पडतं. तेवढं एकाआड दिवस द्यायचं की रोज, हे मुठीतल्या मातीवरून ठरवा. खोडाभोवती उसाचं पाचट चार बोटं जाड पसरलं, खोडाला न टेकवता, की दोन पाण्यांतलं अंतर सांभाळणं सोपं जातं.

याच्या जोडीला काही ठिकाणी "फळ फुगायला युरिया" असंही लिहिलेलं असतं. नत्राचा शेवटचा हप्ता छाटणीनंतर महिना-दीड महिन्यात संपला पाहिजे. जानेवारीत युरिया दिला की झाड पुन्हा पालवीला लागतं आणि फळ मागे पडतं.

"इथ्रेलचा एक फवारा, बाग एकदम काढणीला"

सगळ्यात महाग पडणारा सल्ला हा. डाळिंबवाल्याच्या घरात इथ्रेलची बाटली असतेच, म्हणून तो लगेच अंमलातही येतो. पण डाळिंबात हे औषध कशासाठी वापरतो ते आठवा: पानगळ करण्यासाठी. लिटरला 1 ते 2 मिली टाकून बाग उघडी करतो. तेच द्रावण पिकायला आलेल्या अंजिरावर मारलं तर ते वेगळं का वागेल? इथ्रेलमधून सुटणाऱ्या इथिलीनने फळ मऊ होतं हे खरं, पण पानंही पिवळी पडून गळतात. झाडावर एकाच वेळी तिन्ही टप्प्यांतली फळं असतात. तयार फळं मऊ होतात, मधली फिक्की राहतात, लहान गळतात. शिवाय औषधाच्या बाटलीवरच्या पत्रकात ज्या पिकाचं नाव नाही त्यावर ते मारायचं नसतं.

काही जण इथ्रेल नाही तर "पावडरची पुडी" म्हणतात, म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. त्याने फळ पिकवायला देशात बंदी आहे, 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. हा विषय तिथेच संपतो.

"हिरवी फळं उतरवून आढीत घाला"

आंबा आणि केळी आढीत गोड होतात कारण उतरवताना त्यांच्यात पिठूळ साठा असतो, पिकताना त्याची साखर होते. अंजिरात असा साठा जवळजवळ नसतो. त्याची साखर पानांतून देठावाटे येते, आणि देठ तोडला की ती वाट बंद. पेंढ्यात घाला, केळ्याबरोबर पोत्यात घाला, हिरवं अंजीर मऊ होईल, रंगही थोडा बदलेल, गोड होणार नाही. शिवाय हिरव्या फळाच्या देठातून येणारा चीक हातावर राहून ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. हातमोजे घाला.

मग बहार उन्हाआधी उरकायचा कसा

तारखांच्या हिशेबाने. छाटणीनंतर साधारण 35 ते 40 दिवसांत नव्या फुटव्यावर फळं दिसू लागतात, आणि तिथून 120 ते 140 दिवस धरा, थंडी जास्त असेल तर 140 कडे. 15 सप्टेंबरला छाटणी केली तर फळ ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतं आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पिकतं. तीच छाटणी 20 ऑक्टोबरला केली तर पहिलं फळ मार्चअखेर, आणि शेवटचं एप्रिलच्या भट्टीत. महिनाभर उशीर झाला की नंतर कुठलाही थेंब तो भरून काढत नाही. सप्टेंबर हा आपल्या जिल्ह्यात पावसाचा महिना, म्हणून लवकर छाटणी करायला लोक बिचकतात. तांबेऱ्याची भीती खरी आहे. पण तिला उत्तर बोर्डो आणि उघडा, हवेशीर सांगाडा हे आहे, छाटणी पुढे ढकलणं हे नाही.

दुसरं काम जानेवारीच्या मध्याला, म्हणजे जत्रेच्याच दिवसांत. प्रत्येक फांदीच्या शेंड्याकडची वाटाण्याएवढी फळं खुडून टाका. त्या दिवशी वाटाण्याएवढं असलेलं फळ मेच्या मध्याच्या आत पिकणार नाही, तोवर ते खालच्या फळांचं अन्न खात राहील. थंड देशांत याच्या उलट करतात: हंगामअखेर मोठी हिरवी फळं काढतात आणि वाटाण्याएवढी ठेवतात, कारण ती हिवाळा काढून पुढच्या वर्षी पिकतात. तो सल्ला मराठीत उतरवून आपल्या झाडावर केला की तयार होत आलेला माल जमिनीवर पडतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मान मोडून लोंबणारं फळ शोधा. हिरवं अंजीर देठावर ताठ उभं असतं. पिकलेलं मान टाकतं, दाबलं तर सगळीकडे सारखं मऊ लागतं, आणि देठ किंचित पिळून सोडवला तर चीक जवळजवळ येत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत, देठासकट काढा, आणि पाटीत अंजिराचीच पानं घालून एकच थर लावा.