साडेतीन वर्षांच्या हाताला दुरेघी वही नको

गेले काही दिवस पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. परवा तो माझ्या भावजयीपर्यंत पोचला आणि तिने साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी चार दुरेघी वह्या आणि ठिपके गिरवायची दोन पुस्तकं आणून ठेवली. म्हणून हे लिहितो आहे.

मेसेजचं म्हणणं असं. मेंदूची 85 टक्के वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, म्हणून चौथ्या वर्षापर्यंत मुलाला मुळाक्षरं आणि 1 ते 100 अंक लिहिता आलेच पाहिजेत. रोज तीन पानं गिरवून घ्यायची, मूल हात दुखतो म्हणालं तरी थांबायचं नाही. बालवाडीत माती, मणी, भातुकली चालते ती फी पाण्यात, हे सगळं परदेशी फॅड आहे. डावखुरं मूल असेल तर आत्ताच उजव्या हातावर आणायचं. आणि घरात मराठी बंद करायचं, म्हणजे इंग्रजी लवकर येतं.

आधी 85 टक्के, कारण बाकीचं सगळं त्यावर रचलं आहे. हा आकडा मेसेजवाल्याच्या मनचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये, पहिल्याच प्रकरणात, परिच्छेद 1.1 मध्ये तो आहे. पण लगेच पुढचा परिच्छेद, 1.2, याच वयाचं शिक्षण कसं असावं ते सांगतो: लवचीक, खेळावर आधारलेलं, कृतीवर आधारलेलं, शोध घ्यायला लावणारं. त्यात अक्षरं आणि अंक आहेत, हे मान्य. त्यांच्याच ओळीत रंग, आकार, घरातले आणि मैदानावरचे खेळ, कोडी, चित्र, हस्तकला, नाट्य, बाहुल्या, संगीत हेही आहे. मेसेजने 1.1 उचलला आणि 1.2 टाकून दिला. या धोरणावरून 2022 मध्ये पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तो तर स्पष्टच सांगतो की तीन ते सहा वयाच्या मुलांना नेमलेलं पाठ्यपुस्तक नको आणि लेखी परीक्षा हा या वयाला योग्य मार्गच नाही. ज्या कागदाचा आधार घेऊन मुलांना बसवायला सांगितलं जातं आहे, तोच कागद बसवू नका म्हणतो.

आता तीन पानं गिरवण्याचा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो.

लिहिणं हे खांदा, कोपर, मनगट आणि तीन बोटांचं काम आहे. हातावरचा ताबा याच क्रमाने येतो, खांद्यापासून बोटांकडे. दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यातून हलवतं. तिसऱ्या-साडेतिसऱ्या वर्षी बोटं खडूवर येतात, पण तळवा खाली असतो आणि मनगट ताठ. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची पकड साधारण चार ते सहा या काळात बसते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे एक्स-रेत न दिसणाऱ्या मऊ भागाची, असतात आणि एकेक करून पक्की होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेत साधारण तीनच दिसतात. हाडं दिसत नाहीत म्हणून लिहिता येत नाही, एवढं सरळ गणित नाही. खरी उणीव तळहाताच्या लहान स्नायूंत असते. पण हात अजून घडतो आहे हे समजायला तो एक्स-रे पुरे.

अशा हातात पातळ पेन्सिल देऊन पानं भरायला लावली की मूल जमेल तसं धरतं. अंगठा तर्जनीवरून पलीकडे गुंडाळलेला, पेन्सिल तळव्याशी आवळलेली, टोक कागदात रुतलेलं. खात्री करायची असेल तर पान उलटा आणि मागच्या बाजूने बोट फिरवा. अक्षरं उठून हाताला लागली, तर मूल बोटांनी लिहीत नाही, सगळा हात आवळून जोर लावतं आहे. पकड एकदा अशी बसली की सोडवणं फार कठीण. दुसरी-तिसरीत लिखाण वाढतं, तेव्हा तेच मूल अर्ध्या पानात हात झटकायला लागतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. त्यामुळे हात दुखतो असं मूल म्हणालं की थांबायचं. ते खरं सांगत असतं.

आणि गिरवायचं काय, तर अ. मुलांना रेघा येण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी उभी रेघ, मग आडवी, तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चारच्या आसपास अधिकची खूण, साडेचारला चौकोन, पाचच्या सुमारास फुली आणि त्रिकोण. तिरपी रेघ सगळ्यात उशिरा जमते. अ हळूहळू काढून बघा. एकाखाली एक दोन वळणं, त्यांच्या मध्यातून निघालेली आडवी रेघ, मग उभा दंड, वर शिरोरेघ. वर्णमालेत पहिलं आहे म्हणून ते सोपं होत नाही. हाताच्या दृष्टीने ग, म, न, र, व आधी घ्यायला हवीत. लिहायची वेळ आली की मगच, अर्थात.

ठिपक्यांच्या पुस्तकात आणखी एक गोम आहे. मूल अक्षर काढत नसतं, ठिपके जोडत असतं. क गिरवताना जो ठिपका जवळचा वाटतो तिथून सुरुवात, कधी दंडाच्या खालच्या टोकापासून वर, मग उजवा आकडा, शेवटी डावा गोल. भरलेलं पान सुरेख दिसतं. पान बघू नका, पान भरताना मुलाचा हात बघा. पुढे जलद लिहायची वेळ येते तेव्हा याच उलट्या वळणांनी अक्षर मोडतं. शिवाय वीस क काढून झाल्यावर विचारा की कावळ्यातला पहिला आवाज कोणता. पुष्कळ मुलांना सांगता येत नाही, कारण क म्हणजे एक आवाज आहे हे त्या पानाने कुठेच सांगितलेलं नसतं.

मग माती-मणी कशाला, याचं उत्तर इथेच आहे. त्या तीन बोटांची तयारी त्यातच होते. मळायची कणीक घरी करता येते: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, शेवटचं चमच्या-चमच्याने घाला, नाहीतर गोळा हाताला चिकटतो आणि मूल दोन मिनिटांत उठतं. रंगासाठी हळद किंवा बीटचा रस. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा चिकट होतो. चमचाभर कोरडा मैदा घालून पुन्हा मळायचा. मिठामुळे तो टिकतो, पण त्याच मिठामुळे खायचा नाही, आणि बोटाला चीर असेल त्या दिवशी द्यायचा नाही, झोंबतो.

कणकेशी कामंही क्रमाने. आधी दोन्ही तळव्यांनी दाबणं आणि थापणं, त्यात खांदा आणि कोपर येतात. मग साप वळणं. मग वाटाण्याएवढी गोळी, पण तळव्यावर नाही, फक्त अंगठा आणि दोन बोटांत फिरवून. शेवटी चिमटीने कडेला कळ्या पाडणं, मोदकाच्या पारीला पाडतो तशा. पेन्सिल धरतात ती हीच बोटं. मटार सोलणं, पाण्यात बुडवलेला स्पंज पिळून दुसऱ्या भांड्यात पाणी नेणं, जुनं वर्तमानपत्र चिमटीत धरून पट्ट्या फाडणं, सगळं त्याच कामाचं. खडू द्यायचा तर मोडून, पेराएवढा तुकडा. तेवढा तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटांनीच धरावा लागतो. आणि चित्राचा कागद अधूनमधून भिंतीला चिकटवा. उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना लागतं तसं.

मण्यांबद्दल एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे सव्वा इंचापेक्षा लहान काही ठेवायचं नाही, आणि तिशीच्या पटात एखादं तरी मूल त्यानंतरही वस्तू तोंडात घालणारं असतं. मोठे लाकडी मणी आणि बुटाची नाडी चांगली, कारण नाडीचं टोक कडक असतं. चिंचोके, हरभरे, वाटाणे मोजायला छान, पण समोर मोठं माणूस बसलेलं असतानाच. हरभरा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो. तो घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आत सरकतो; सरळ डॉक्टरकडे जा.

परदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास बघावा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केलं ते 1920 मध्ये. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करून आल्या आणि 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ यांना सोबत घेऊन; 1957 मध्ये ते जवळच्याच कोसबाडला गेलं. माँटेसरीची, मुलांनी साधनं हाताळत शिकायची पद्धत इटलीतून आली, हे खरं. पण तिची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांवर बालवाडी उभी केली ती इथल्या बायकांनी, इथल्या आदिवासी पाड्यांत. त्याच्याही कितीतरी आधी आपल्याकडे धूळपाटी होती. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवून पुसायचं. आजही ताटात रवा किंवा बारीक वाळू बोटाच्या अर्ध्या पेराएवढी पसरा, तेच साधन तयार होतं. पेन्सिल धरायचं ओझं नाही, चूक टिकत नाही, आणि वळण थेट बोटातून हाताला कळतं. थर जाड झाला तर मात्र कडा ढासळून अक्षर बुजतं.

एक गोष्ट कबूल करावी लागते. काही बालवाड्यांत खेळ या नावाखाली खेळण्यांची टोपली ओतून देतात आणि ताई मोबाइल बघत बसतात, किंवा तासभर टीव्हीवर गाणी लावतात. त्यावर पालक चिडले तर बरोबरच आहे. पण त्यावरचा उपाय वही नाही. तीन तासांच्या बालवाडीत गोलात बसून गप्पा-गाणी पंधरा-वीस मिनिटं, कोपऱ्यांतली कामं चाळीसएक मिनिटं, मैदान अर्धा तास, हात धुणं आणि खाऊ, आणि रोज एक गोष्ट, एवढं तरी असायलाच हवं. ताईंना विचारा की आज ठोकळ्यांच्या कोपऱ्यात माझ्या मुलाने काय केलं. ज्यांनी बघितलेलं असतं त्यांना सांगता येतं.

अंकांचं थोडक्यात. 1 ते 100 म्हणणं ही पाठ केलेली ओळ आहे. पन्नासपर्यंत धडाधडा म्हणणाऱ्या मुलाला सांगा, मला पाच चिंचोके दे. मूठभर देईल, अजून मोजणं आलेलं नाही. सात चिंचोके ओळीत मोजून घ्या, मग तेच लांब-लांब पसरून विचारा आता किती. जास्त झाले म्हणालं, तर संख्या अजून पक्की व्हायची आहे, आणि या वयात ते अगदी साहजिक आहे. खाऊच्या वेळी प्रत्येक ताटलीपुढे एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा, असं मुलांकडून वाढून घेतलं की हेच शिकणं होतं. मराठीत तर एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, आणि पंचविसात पाच आधी बोलायचे पण लिहायचे नंतर. हा घोळ सुटायला वेळ द्यावा लागतो, शंभरपर्यंत लिहून तो सुटत नाही.

घरात मराठी बंद करण्याबद्दल: वर सांगितलेला आराखडा आठ वर्षांपर्यंत शिकवण्याचं मुख्य माध्यम घरची भाषा असावी म्हणतो. इंग्रजी गाणी, गोष्टी खुशाल ऐकवा. पण ज्या भाषेत मूल पोट दुखतंय, भीती वाटते, मला नको हे सांगतं, ती तिसऱ्या वर्षी काढून घेणं हा अन्याय आहे.

डाव्या हाताचंही तसंच, हात बदलू नका. त्यापेक्षा कागद थोडा उजवीकडे तिरका करा, म्हणजे त्याची वरची कड उजव्या अंगाला झुकेल. पेन्सिल टोकापासून इंचभर वर धरायला लावा आणि हात ओळीच्या खालून चालू द्या, नाहीतर आपण डावीकडून उजवीकडे लिहीत असल्याने तळवा ताज्या अक्षरांवरून घासत जातो आणि मूल मनगट वाकडं करायला लागतं. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, शेजाऱ्याचा कोपर लागत नाही. कात्रीही डावखुऱ्यांची मिळते.

राहिल्या त्या चार दुरेघी वह्या. मोठ्या गटाच्या दुसऱ्या सत्रापर्यंत त्या कपाटात राहू देत. तोवर अंगणातली फरशी आणि ओला खडू द्या, आणि अक्षर हातभर मोठं काढू द्या.