चेंबरच्या लांबीचा उल्लेखच नाही

पार्कर, फॉक्स किंवा एल. सी. स्मिथ या अमेरिकन बनावटीच्या जुन्या दुनळी छऱ्याच्या बंदुकीच्या नळ्या दमास्कसच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या) नसतील, तर बाजारातले कोणतेही काडतूस निर्धास्त वापरावे, हे जुन्या बंदुकांवरील लेखातील विधान मला धोक्याचे वाटते. १६ गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) अनेक जुन्या अमेरिकन बंदुकांचे चेंबर, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याची जागा, २ ९/१६ इंच लांबीचे आहे. आजचे पावणेतीन इंची काडतूस त्यात सहज बसते, आणि फसगत नेमकी तिथेच होते. कारण पावणेतीन इंच ही लांबी बार उडाल्यावर उलगडलेल्या कवचाची असते आणि उलगडलेले तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरून दाब वाढवते.

मी माझ्या इथाका बनावटीच्या जुन्या बंदुकीसाठी शिशाच्या छऱ्यांची, कमी दाबाची आखूड काडतुसेच घेतो. ती महाग पडतात, हे खरे. पूर्वीच्या मालकाने चेंबर वाढवून घेतलेले असू शकते, म्हणून खरेदीपूर्वी जाणकार बंदूक-कारागिराकडून ते मोजून घ्यावे आणि नळीची जाडीही तपासावी.