कोरं करकरीत

मी मुलांसाठी पुस्तकं लिहिते. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "मग मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" त्याची आता सवय झालीय. सवय होत नाही ती आमच्या वाचनालयातल्या बालविभागाची.

बालविभाग म्हणजे एक काचेचं कपाट. त्याला कुलूप, किल्ली ग्रंथपाल ताईंच्या खणात, आणि काचेवर चिठ्ठी : 'मुलांनी पुस्तकांना हात लावू नये.' कपाटाच्या बरोब्बर वर डॉ. रंगनाथन यांची तसबीर. 'ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत' हे ग्रंथालयशास्त्राचं पहिलं सूत्र त्यांनी १९३१ साली मांडलं. दर १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, ताई स्टुलावर चढून तसबिरीला हार घालतात आणि उतरता उतरता कुलूप ओढून बघतात.

ताईंचंही चुकत नाही म्हणा. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा अंक असतो. सरकार वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून अनुदान देतं, त्यासाठी तपासणी होते, आणि गहाळ पुस्तकाचा जाब साहेब ताईंनाच विचारतात. त्यांचा पगार ऐकलात तर तुम्हीही कुलूप लावाल.

माझं दुःख निराळं आहे. त्या कपाटात माझं एक पुस्तक आहे आणि ते ठणठणीत आहे! त्याला खेटून दुसऱ्या एका लेखकाचं पुस्तक. त्याचा पुठ्ठा निखळलेला, कण्याला सेलोटेप, एका पानावर लसणाच्या चटणीचा डाग, वाघाला बॉलपेनने चष्मा काढलेला. तारखांची चिठ्ठी भरून गेल्यामुळे तिच्यावर दुसरी डकवलेली. बालसाहित्यात याहून मोठा पुरस्कार नाही. माझ्या पुस्तकाला साधी कसरसुद्धा लागली नव्हती.

मध्यंतरी पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन आले. २०१७पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जावं, बसावं, वाचावं. गाव स्ट्रॉबेरीचं. एका चित्रांच्या पुस्तकावर चक्क लाल बोटं उमटलेली दिसली. यजमानीणबाई ओशाळून पदराने पुसायला लागल्या, तर मी त्यांचा हात धरला. मत्सराने पोटात खड्डा पडला होता.

परत आल्यावर रंगनाथन यांच्याच तिसऱ्या सूत्राचा आधार घेतला : प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. कुणी येत नाही तर मीच होते वाचक! पुस्तक बदलायला गेले की दर वेळी स्वतःचंच पुस्तक मागायला लागले. निदान चिठ्ठीवर शिक्के तरी पडतील.

"स्वतःचंच?" ताईंनी चष्म्यावरून बघितलं.

"संदर्भासाठी," मी म्हटलं. ससा आणि पोस्टमनच्या गोष्टीत कसला आलाय संदर्भ, पण ताईंनी शिक्का मारला.

घरी आणून ते मुद्दाम दिवाणावर उघडं टाकायचे. एकदा भाची तिच्या चार वर्षांच्या कन्येला घेऊन आली. आम्ही चहा घेत होतो आणि आतून टर्रकन आवाज आला. भाची ओरडत धावली. मी कप हातात घेऊन शांतपणे गेले. पोस्टमनला मिशा फुटल्या होत्या, सशाचा एक कान कन्येच्या तोंडात होता आणि पंचविसाव्या पानाचं विमान पंख्याकडे निघालं होतं. मी त्या पोरीला उचलून मुकेच घेतले. भाचीला वाटलं, मावशीला धक्का बसलाय.

दुसऱ्याच दिवशी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर हजर. ताईंनी पुस्तक हातात घेतलं. मिशा बघितल्या, काही बोलल्या नाहीत. मग थेट पंचविसावं पान शोधलं. वाचनालयाचा लपवून मारलेला शिक्का नेमका त्याच पानावर असतो, हे मला तेव्हा कळलं.

"मॅडम, हे बाद करावं लागेल."

"बाद? अहो, आत्ता कुठे ते..." वाक्य गिळलं. "दंड भरते."

"दंड नाही चालायचा. नवी प्रत द्या. नियम आहे."

नव्या प्रतींना काय तोटा! दिवाणाखाली गठ्ठाच पडलाय. त्यातली एक नेऊन दिली. ताईंनी तिला खाकी कव्हर घातलं, नवा दाखल अंक टाकला, कोरी तारीखचिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवून कुलूप लावता लावता म्हणाल्या,

"मॅडम, तुम्ही स्वतः लिहिता. निदान तुम्ही तरी पुस्तकं जपून वापरायची!"